मिस्त्रींच्या तेराशे पिशव्या

मिस्त्री गेले तेव्हा घरात तेराशे चार पिशव्या होत्या आणि त्यांतली एकही बिननावाची नव्हती. याचं त्यांना फार समाधान होतं. जाण्याआधी दोन दिवस, बोलणं जवळजवळ बंद झालेलं असताना, त्यांनी कपाटाकडे बोट करून बायकोला खुणेनं विचारलं होतं, झालं ना सगळं? तिनं त्यांचा हात थोपटत सांगितलं होतं, "झालं हो. शेवटचा डबासुद्धा झाला. आता पडा स्वस्थ."

पिशव्या तळहाताएवढ्या होत्या, तोंड बोटानं दाबून बंद करायच्या, प्लास्टिकच्या. त्यांत शिलाई मशीनचे सुटे भाग होते. मिस्त्रींनी बेचाळीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त केली. जिन्याखाली दुकान होतं, इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की मिस्त्रींना उठून बाहेर उभं राहावं लागे. "माझ्या दुकानात एका वेळी एकच शहाणा मावतो," असं ते म्हणत, आणि आत कोण आहे ते बघून हसत. बायको दुपारी जेवणाचा डबा घेऊन जाई ती संध्याकाळपर्यंत तिथेच पायरीवर बसे. आसपासचे लोक तिला मिस्त्रीणबाई म्हणत. पुढे तेच नाव पडलं, इतकं की स्वतःचं नाव कुणी विचारलं तर तिला क्षणभर थांबावं लागे.

दुकानातलं तिचं काम ठरलेलं होतं. डब्यांवर चिठ्ठ्या लावायच्या. आत काय आहे ते शाईनं ठळक लिहायचं, चिठ्ठी खळीनं चिकटवायची आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी ओढायची, कडेपासून कडेपर्यंत, मध्ये एकही बुडबुडा न ठेवता. मशीनच्या तेलाचे हात सगळीकडे लागतात. पट्टी नसेल तर महिन्याभरात चिठ्ठीचा काळा ठिपका होतो. तिनं पट्टी लावलेल्या चिठ्ठ्या तीस-तीस वर्षं टिकल्या. दुकान सोडून डबे घरी आणले तेव्हाही अक्षरं काल लिहिल्यासारखी होती. मात्र डब्यांवर लिहिलेलं असे ते एवढंच: 'स्प्रिंगा', 'स्क्रू बारीक', 'स्क्रू फार बारीक'. त्या डब्यातल्या दोनशे स्प्रिंगांतली कुठली कोणत्या मशीनची, ते फक्त मिस्त्रींच्या बोटांना ठाऊक होतं.

बोटांना आणि कानांना. लोक फोन करून मशीन बिघडल्याचं सांगत, तर हे म्हणत, "तुमचं राहू द्या, तिला बोलू द्या." मग पलीकडचा माणूस फोन मशीनजवळ धरून पायानं पायटा मारी आणि हे डोळे मिटून ऐकत. "शटल चांगलं आहे. त्याच्या खालची स्प्रिंग थकली आहे. पाठवतो." कधी चुकले नाहीत असं नाही, पण त्या चुका मिस्त्रीणबाईला बोटांवर मोजता आल्या असत्या.

धंदा बसला तो मशीनं बिघडायची थांबली म्हणून नव्हे. ती मशीनं बनवणारे कारखानेच बंद झाले. नवं मशीन बिघडलं की लोक तिसरं आणत. दुकान सोडलं, डबे घरी आले आणि पुढच्या खोलीत भिंतीला लागून दोन वर्षं पडून राहिले.

त्यात जीव आणला तो बेबीनं. बेबी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, चव्वेचाळीस वर्षांची, केस पिकलेली, पण हाक अजून तीच. एका कपड्यांच्या कंपनीत वीस वर्षं मालाची नोंद ठेवायची. कंपनी बंद पडली आणि एक दिवस ती एका खोक्यात आपला कप, चपला आणि कुंडीतलं रोपटं घेऊन घरी आली. पंधरा दिवस खिडकीशी बसून होती. मग वेळ जात नाही म्हणून तिनं डब्यातल्या एका स्प्रिंगेचा फोटो काढून ऑनलाइन विक्रीच्या साइटवर टाकला. तिसऱ्या दिवशी कुठल्या तरी दूरच्या देशातल्या शिंपिणीचं पत्र आलं. ही स्प्रिंग मी सहा वर्षं शोधते आहे, तुमच्याकडे खरंच आहे का?

"खरंच आहे का म्हणजे?" मिस्त्री म्हणाले. "सोळा आहेत. विचार तिला, हाताच्या मशीनची हवी की पायाच्या."

महिन्याभरात जेवणाच्या टेबलाचं पॅकिंगचं टेबल झालं. तिघंही भिंतीशी ताटं मांडीवर घेऊन जेवत आणि तक्रार कुणी करत नसे. बेबीच्या चेहऱ्यावर रंग आला. आणि त्याच सुमारास मिस्त्रींचा घसा बसला तो परत उघडलाच नाही. डॉक्टरांनी बेबीला बाजूला घेऊन सांगितलं. किती महिने तेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बेबी दोन खोकी घेऊन आली. एकात हातात धरायचा स्कॅनर, दुसऱ्यात लेबलं छापायचं छोटं यंत्र. त्याला शाई लागत नव्हती. कागदच तसा असतो, यंत्राच्या उष्णतेनं काळा होतो, असं तिनं समजावलं.

"बाबा, तुम्ही एकेक भाग हातात घ्यायचा आणि काय आहे ते सांगायचं. मी कॉम्प्युटरमध्ये लिहिते. त्याला एक नंबर मिळतो. त्या नंबराच्या रेघा लेबलवर छापून येतात. लेबल पिशवीला. मग पुढे कधीही ही बंदूक दाखवली की यंत्र सांगेल आत काय आहे."

"म्हणजे मी," मिस्त्री घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"हो. म्हणजे तुम्ही."

"बरंय की. आण तुझी बंदूक."

चार महिने रोज सकाळी हा कार्यक्रम चालला. मिस्त्री खिडकीच्या उजेडात बसत. डब्यातून स्प्रिंग उचलत, अंगठा आणि मधल्या बोटात धरून हलकेच दाबत, सोडत, पुन्हा दाबत. मग नाव सांगत. मॉडेल, साल, कुठं बसते ते. दोन स्प्रिंगा शेजारी ठेवल्या तर जुळ्या बहिणींसारख्या दिसत, पण हे एक डावीकडे टाकत, एक उजवीकडे. बेबी लिहून घेई, यंत्रातून लेबल सरकन बाहेर येई, मिस्त्रीणबाई ते सोलून पिशवीला लावी. आणि वरून चिकटपट्टी ओढी.

"आई, पट्टी कशाला गं? लेबलला गोंद आहे."

"असू दे. तेलाचे हात लागतात."

"आता कुठे तेलाचे हात? आपण तर पॅक करतो नुसतं."

"तुझं काय जातंय? पट्टी माझी, हात माझे."

मिस्त्री हसले की खोकत, म्हणून ते हसू आवरून म्हणाले, "लावू दे तिला. तिनं लावलेली पट्टी निघत नाही. मी गेलो की मलाही एक लावून ठेवेल."

"तुम्ही गप्प बसा. घसा दुखतोय ना?"

एकदा तिनं विचारलं होतं, "बेबी, मी पेनानं नावं लिहू का पिशव्यांवर? अक्षर चांगलं आहे माझं." बेबीचं लक्ष पडद्यावर होतं. "नको आई, लेबल केवढंसं. आणि यंत्र वाचतंय की. दुप्पट काम कशाला?" तेही खरंच होतं. बाबांचा आवाज रोज थोडा थोडा आत जात होता आणि डबे अजून पुष्कळ शिल्लक होते. दुप्पट कामाला वेळ कुठे होता? मध्ये आठ दिवस मिस्त्रीणबाई तापानं पडली, तरी काम थांबलं नाही. तेवढे दिवस लेबलं बेबीनंच लावली. उठल्यावर हिनं पाहिलं तर पिशव्यांना पट्ट्या नाहीत. लावायच्या म्हणून त्या पिशव्या तिनं एका बुटांच्या खोक्यात बाजूला काढून ठेवल्या आणि मग ते राहूनच गेलं.

शेवटी शेवटी मिस्त्री बोलत नव्हते, नुसते ओठ हलवत. बेबी ओठांवरून वाचायची, मोठ्यानं म्हणून दाखवायची, आणि ते मान हलवायचे. हो किंवा नाही. शेवटचा डबा असा झाला. त्यानंतर अकरा दिवसांनी ते गेले.

पुढचं जवळजवळ एक वर्ष, खोटं कशाला सांगायचं, चांगलं गेलं. दुःख होतंच, पण काम होतं. बेबीनं नवे रॅक आणले, जुने डबे मोडीत काढले. "आता कुठलं कुठे ठेवायचं याची चिंता नको," ती म्हणाली, "जागा मिळेल तिथे ठेव, यंत्र ओळखतं." ऑर्डर आली की बेबी रॅकसमोर उभी राहून स्कॅनर फिरवी. लाल रेघ पिशव्यांवरून सरकत जाई आणि एका पिशवीवर 'टीप' असा आवाज येई. मिस्त्रीणबाई स्वयंपाकघरात असली तरी तो आवाज ऐके. मिस्त्रींनी ओठ न हलवता 'हो' म्हटल्यासारखा तो तिला वाटायचा. हे तिनं बेबीला कधी सांगितलं नाही. हसली असती.

मग एक दिवस टीप झालं नाही.

बेबीनं काच पुसली, बॅटरी बदलली, पिशवी खिडकीत नेऊन पाहिली. रेघा फिक्या झाल्या होत्या, पण खालचा नंबर दिसत होता. तो हातानं टाकून काम भागलं. दुसऱ्या आठवड्यात अशा चार निघाल्या. "स्कॅनर म्हातारा झाला," असं म्हणून बेबीनं नवा मागवला. नवा जास्तच आंधळा निघाला. एक स्प्रिंग अंदाजानं पाठवली, ती परत आली. दुसरा एक स्क्रू परत आला. साइटवाल्यांचं पत्र आलं: आणखी एकदा चुकीचा माल गेला तर तुमचं दुकान बंद करण्यात येईल.

"आता एकदाही चुकायची मुभा नाही म्हणतात," बेबी म्हणाली. "बाबांनासुद्धा होती की तेवढी."

दोघी हसल्या. त्यानंतर त्या घरात बरेच दिवस कुणी हसलं नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी बेबी पार्सलं द्यायला गेली असताना मिस्त्रीणबाई रॅकचा खालचा खण झाडत होती. कोपऱ्यातलं बुटांचं खोकं तिनं ओढलं. आत त्या तापाच्या आठ दिवसांतल्या पिशव्या होत्या. सगळ्यांची लेबलं काळी कुळकुळीत, जणू आत्ताच यंत्रातून निघालेली.

ती खोकं मांडीवर घेऊन जमिनीवरच बसली. मग उठून वरच्या खणातली एक पिशवी आणली. पट्टीखाली पांढरा कागद. दुसरी आणली. पांढरा. तिसरीवर राखाडी सावली, वाचता येत नव्हती. खोक्यातली एक, रॅकमधली एक, अशी ती कितीतरी वेळ शेजारी शेजारी ठेवत राहिली. दोन्हींत फरक एकच होता, आणि तो तिच्या हातचा होता. पट्टीतलं काहीतरी त्या कागदाला खात होतं. कडेपासून कडेपर्यंत, मध्ये एकही बुडबुडा न ठेवता.

त्या दिवशी तिनं बेबीला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत नाही. बेबी फोनवर लेबलवाल्याशी भांडत होती, तुमचा कागदच हलक्या दर्जाचा म्हणून. तेव्हा मात्र ही खोकं घेऊन पुढे आली आणि टेबलावर ठेवून म्हणाली, "त्याच्याशी भांडू नकोस. त्याचं काही चुकलेलं नाही."

बेबीनं खोक्यात पाहिलं. मग रॅककडे पाहिलं. तिला समजायला वेळ लागला नाही. मालाची नोंद ठेवण्यात तिची वीस वर्षं गेली होती. फोन तिनं बंद केला.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"काल दुपारपासून."

"काल दुपारपासून," बेबी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "बाबांचा घसा फाटेपर्यंत आपण त्यांच्याकडून वदवून घेतलं. रक्त यायचं, आठवतंय ना? आणि तू वरून पुसत गेलीस. रोज."

बेबी आतल्या खोलीत गेली, थोड्या वेळानं बाहेर आली आणि म्हणाली, "बस. जेवढ्या वाचतात तेवढ्या वाचवू."

नंतर अकरा दिवस दोघींनी दुसरं काही केलं नाही. ज्या रेघा अजून दिसत होत्या त्यांचे फोटो काढायचे, ते मोबाइलवर मोठे आणि गडद करायचे, नंबर लागला तर नवं लेबल छापायचं. पट्टी सोलून पाहिली तर उरलीसुरली सावलीही तिच्याबरोबर निघून येई. मोठे भाग, चाकं, बॉबिनच्या डब्या, सुयांच्या दांड्या, हे कुणालाही ओळखता येण्यासारखं होतं. सगळं धरून चारशेच्या आसपास पिशव्या हाती लागल्या. कॉम्प्युटरमध्ये सगळी तेराशे चार नावं शाबूत होती, मॉडेल, साल, कुठं बसतं त्यासकट. इकडे पिशव्याही सगळ्या होत्या. फक्त कुठलं नाव कुठल्या पिशवीचं, ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. नऊशे पिशव्या मुक्या झाल्या.

बेबीनं मग बाबांच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याला बोलावलं. हा दुसरा मिस्त्री गावाच्या पलीकडच्या टोकाला बसे. उभ्या आयुष्यात दोघांनी एकमेकांचं नाव सरळ घेतलं नव्हतं. एक दुसऱ्याला 'तो घासलेटवाला' म्हणे आणि दुसरा पहिल्याला 'डॉक्टरसाहेब'. म्हातारा काठी टेकत तीन जिने चढून आला. पाणी प्यायला. खिशातून भिंग काढलं आणि एक स्प्रिंग उचलून दाबली.

मिस्त्रीणबाईचा जीव त्या दोन बोटांत जाऊन बसला.

त्यानं दुसरी दाबली, तिसरी दाबली. भिंग पुसलं. अर्धा तास गेला. मग त्यानं स्प्रिंगा होत्या तशा पिशव्यांत घातल्या आणि पिशव्यांची तोंडं काळजीपूर्वक बंद केली.

"वहिनी, मी लोकांना मशीन बदला म्हणून सांगायचो. हा वेडा दुरुस्त करत बसायचा. त्यामुळे हे मला कधी शिकावंच लागलं नाही."

"एखादी तरी?" बेबी म्हणाली.

"एखादी सांगेन गं अंदाजानं. पण डॉक्टरसाहेब अंदाजानं देत नव्हता." जाताना तो दारात वळून म्हणाला, "त्याला सांगायला हवं होतं, की त्याच्याएवढं मला येत नाही. जिवंत असताना सांगितलं असतं तर चहा तरी पाजला असता मेल्यानं."

तरीही बेबीनं एक प्रयत्न केलाच. एक ऑर्डर होती, स्प्रिंगेचीच. तिनं फोटोशी ताडून, मापं घेऊन, तीनदा मोजून एक निवडली आणि पाठवली. ती चुकली. शिंप्याच्या मशीनचं शटल तुटलं. दुकान बंद झाल्याचं पत्र दोन ओळींचं होतं आणि खाली कुणाची सही नव्हती.

आता बेबी शहराबाहेरच्या एका गोदामात कामाला जाते. तिथे मुलाखतीत त्यांनी एकच विचारलं, स्कॅनर वापरता येतो का? दिवसभर उभं राहून ती खोक्यांना बंदूक दाखवते. आत काय आहे ते तिला ठाऊक नसतं आणि असायची गरजही नसते. संध्याकाळी येते तेव्हा पाय सुजलेले असतात. आईशी बोलते, नाही असं नाही. भाजी काय आणू विचारते. औषध घेतलंस का विचारते. एकदा पाय पाण्यात सोडून बसली असताना आपणहून म्हणाली, "तू पेनानं लिहू का म्हणाली होतीस." मिस्त्रीणबाई म्हणाली, "जाऊ दे ते." बेबी म्हणाली, "जाऊ दे म्हणून जात नाही ना."

दुपारी घरात मिस्त्रीणबाई एकटी असते. रॅक तसेच आहेत. रोज ती दहा पिशव्या काढते, खिडकीच्या उजेडात बसते आणि अंगठा आणि मधल्या बोटात स्प्रिंग धरून दाबते, सोडते. चार महिने रोज ती हे समोर बसून बघत होती. बोटं कशी धरायची ते तिला बरोबर येतं. स्प्रिंग दबते आणि परत येते. बस, एवढंच. संध्याकाळच्या आत ती पिशव्या जागच्या जागी ठेवते, म्हणजे बेबीला दिसायला नको.

दुकानाचा जुना फोन नंबर मिस्त्रींनी घरीच लावून घेतला होता. तो अजून कधीमधी वाजतो. काल दुपारी वाजला.

"मिस्त्री आहेत का?" कुणी म्हातारी बाई होती.

"नाहीत. मी त्यांची बायको."

"अगंबाई, मिस्त्रीणबाई का? मी शिंपीण, लांबची. ओळखायच्या नाहीत तुम्ही. वीस वर्षांमागे मिस्त्रींनी मला टपालानं एक स्प्रिंग पाठवली होती बघा. आजवर चालली. आता परत तसंच व्हायला लागलंय. तीच एक हवी होती. ऐकवू का?"

मिस्त्रीणबाई 'नको' म्हणणार होती. पण तेवढ्यात पलीकडे बाईनं फोन मशीनजवळ ठेवला आणि पायटा मारला. चार टाके सुरेख पडत, पाचव्याला मशीन लंगडे. पुन्हा चार, पुन्हा लंगडे. हा आवाज तिनं ऐकलेला होता. जिन्याखाली, डब्याचं झाकण उघडताना, कितीदा तरी. हा ऐकला की ते डोळे मिटायचे, उजवी भुवई किंचित वर जायची आणि हात न बघता मागे फळीकडे जायचा. कितव्या डब्याकडे, तेही तिला दिसत होतं. भुवई दिसत होती, हात दिसत होता, बाहीवरचा तेलाचा डागसुद्धा. फक्त ते काय म्हणायचे, ते ऐकू येत नव्हतं.

ती समोरच्या रॅककडे बघत राहिली. त्या स्प्रिंगा घरात होत्या. तिच्यापासून चार पावलांवर, कुठल्या तरी पिशवीत, तिनंच लावलेल्या पट्टीखाली.

"आलं का लक्षात?" बाईनं विचारलं.

"आमच्याकडे नाही ती," मिस्त्रीणबाई म्हणाली.

"संपली होय?"

"हो. संपली."

"बरं बरं. मग आता काढूनच टाकते मशीन. तुम्हाला उगीच त्रास." पण तिनं फोन ठेवला नाही, ठेवायला विसरली असावी. पलीकडे पुन्हा पायटा सुरू झाला, हातातलं शिवण तेवढं पुरं करून घेत असेल. चार टाके सुरेख, पाचवा लंगडा. शिवण संपून आवाज थांबेपर्यंत मिस्त्रीणबाई फोन कानाला लावून उभी होती.